कालव्यातली सहावारी

सासू-सासरे पहिल्यांदा आमच्याकडे लंडनच्या हॅरो उपनगरात आले, तेव्हा त्यांना काय दाखवायचं हा प्रश्न दुसऱ्याच आठवड्यात उभा राहिला. पहिल्या शनिवार-रविवारी आमचं रीतसर लंडन दाखवून झालं होतं. सासूबाईंना सगळं आवडलं, अगदी मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमधल्या सीटचं कापडसुद्धा. सासरे मात्र राजवाड्यासमोर सगळी गर्दी पहारेकऱ्यांचे फोटो काढत असताना रस्त्याच्या कडेला वाकून पावसाचं पाणी जायची जाळी बघत होते. "उतार बरा दिलाय," एवढं म्हणाले. लंडनबद्दल त्यांचं मत तेवढंच.

सासरे सांगलीकडे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. सगळी नोकरी कालव्यांवर गेली. कॅम्पवर गेले की महिना-महिना घरी यायचे नाहीत, आणि आले तरी ताटातल्या आमटीला भाताचा बांध घालून तो कुठून फुटतो ते बघत बसायचे, असं सासूबाई सांगत. रिटायर झाल्यापासून त्यांच्या हाताखाली ना माणसं होती ना पाणी. हॅरोच्या फ्लॅटमध्ये ते सकाळपासून खिडकीशी उभे राहत आणि पाऊस आला की समोरच्या गटारात पाणी कुठवर चढलं ते मला येऊन सांगत. मी तेव्हा घरून काम करायचे. माझ्या कॉन्फरन्स कॉलवरच्या लोकांनाही ते कळायचं.

माझ्या नवऱ्याने यावर उपाय शोधला. तो सिटीतल्या एका बँकेत आयटीत होता. तिथल्या कुणीतरी त्याला सांगितलं की जुन्या कालव्यांवर लांबुडक्या बोटी भाड्याने मिळतात, नॅरोबोट म्हणतात त्यांना. त्यातच राहायचं, त्यातच रांधायचं, चालवायची आपण, लायसन्स लागत नाही. नवऱ्याने मला न विचारता आठवडाभराची बोट बुक केली आणि जेवताना जाहीर केलं.

"बाबा, आपण ऑक्सफर्ड कॅनॉलवर जातोय."

"कालवा बघायला इंग्लंडला यायचं?" सासूबाई म्हणाल्या. "सांगलीला काय कमी होते?"

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "विसर्ग किती आहे?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याला माहीत नव्हतं.

"क्षेत्र किती भिजतं?"

"काहीच भिजत नाही, बाबा. त्यातून फक्त बोटी जातात."

एवढं पाणी अडवून ठेवायचं आणि एक वाफाही भिजवायचा नाही, हे सासऱ्यांना गिळायला वेळ लागला. मग म्हणाले, "बघू तरी काय करून ठेवलंय."

बोटीचं यार्ड वॉरिकशरमधल्या एका खेड्याच्या कडेला होतं. आम्ही गाडीत पोळपाट-लाटणं, कुकर, भाजणी, मेतकूट आणि चार जणांचे रेनकोट भरून तिथे पोचलो. सासूबाईंना पोहता येत नव्हतं. यार्डातल्या माणसाला त्यांनी माझ्यामार्फत पहिला प्रश्न विचारला तो पाणी किती खोल आहे हा. त्याने आपल्या कमरेच्या जरा वर हात धरून दाखवला.

"पडल्याच तर त्यांना म्हणावं, उभ्या राहा."

सासूबाईंना हे पटलं नाही. "पडलेल्या माणसाला उभं राहता आलं असतं तर तो पडला कशाला असता?" त्या म्हणाल्या. याचं भाषांतर मी केलं नाही.

बोट गडद हिरवी होती, कडांना लाल पट्टी आणि टपावर फुलं रंगवलेली एक बादली. आत मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागायचे, पण लांबी मात्र संपता संपत नव्हती. पुढच्या टोकाला बसायची उघडी जागा, मग बैठक, मग स्वयंपाकघर, मग संडास-बाथरूम, मग मोठा पलंग, मग मागचं दार आणि त्याच्या बाहेर, उघड्यावर, उभं राहून बोट चालवायची जागा. "ही पाइपलाइन आहे," सासरे म्हणाले. इंग्लंडात आल्यापासून ते पहिल्यांदाच जरा खुशीत दिसले.

मोठा पलंग सासू-सासऱ्यांना द्यायचा असं ठरलं होतं. पण यार्डातल्या माणसाने बोलता बोलता सांगितलं की संडासाची टाकी त्याच पलंगाखाली असते, आणि मी बेसावधपणे तेही भाषांतर करून बसले. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या त्या उठल्या. शेवटी ती दोघं बैठकीत टेबल खाली करून तयार होणाऱ्या बेडवर झोपली आणि आठवडाभर टाकीवर आम्ही.

चालवायचं शिक्षण अर्ध्या तासात आटोपलं. मागे उभं राहून सुकाणूचा दांडा धरायचा. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, उजवीकडे ढकलला की डावीकडे. बांधून ठेवलेल्या बोटींजवळून जाताना वेग कमी करायचा. तसाही वेग चालणाऱ्या माणसाएवढाच. नवरा सगळ्याला मान हलवत होता. मीटिंगमध्ये न कळलेल्या गोष्टीला तो जशी मान हलवतो तशीच ती होती. मी ओळखते, पण तोवर यार्डातला माणूस काठावर उडी मारून आम्हाला शुभेच्छा देत होता.

पहिल्या तासात आम्ही वेतासारख्या गवतात दोनदा शिरलो. एकदा काठावरच्या झाडाची फांदी पुढच्या दारातून बैठकीपर्यंत आत आली. मग बांधून ठेवलेल्या एका बोटीला आम्ही धडकलो, फार जोरात नाही, पण आतून एक गृहस्थ हातात चहाचा मग घेऊन बाहेर आले. मगात चहा उरलेला नव्हता, तो त्यांच्या स्वेटरवर होता. नवऱ्याने सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "लव्हली डे फॉर इट," आणि आत गेले. सासूबाईंना इंग्लंडातल्या माणसांबद्दल तेव्हापासून जो आदर वाटू लागला तो शेवटपर्यंत टिकला.

खरी अडचण वेगळीच होती. सासरे पुढच्या टोकाला बसले होते. समोर काय येतंय ते त्यांना दिसायचं, पण सुकाणू होतं पार मागे, नवऱ्याच्या हातात, आणि मध्ये डिझेल इंजिनची धडधड. त्यांचं ओरडणं मागे पोचायचं नाही. म्हणून निरोप न्यायचं काम माझ्याकडे आलं. सासरे म्हणायचे, "डावीकडे घे म्हणावं, पूल आलाय." मी बैठकीतून, स्वयंपाकघरातून, संडासाच्या दारावरून, पलंगाला वळसा घालून मागे धावायची. वाटेत स्वयंपाकघरात सासूबाई. "त्याला विचार, भातात मटार घालू का." मी मागे पोचून सांगायची, "डावीकडे, पूल, मटार." तोवर पूल लागलेला असायचा.

"बाबांना म्हणावं, दिसला," नवरा म्हणायचा. मी परत पुढे.

पहिल्या दिवशी मी बोटीपेक्षा जास्त अंतर कापलं असणार.

संध्याकाळी भाताचा कुकर लावला होता. वळणावर पलीकडचं दिसत नसेल तर भोंगा वाजवायचा, असा तिथे नियम आहे. आमची बोट एका वळणात शिरत होती आणि कुकरची शिट्टी झाली. खिडक्या उघड्या होत्या. लगेच वळणापलीकडून भोंगा वाजला. मग कुकरची दुसरी शिट्टी. मग पुन्हा भोंगा, जरा लांबलचक. सासूबाई शिट्ट्या मोजत होत्या, त्या गोंधळल्या.

"चार झाल्या ना गं?"

"दोन आपल्या, आई. दोन त्यांच्या."

वळणापलीकडे एक बोट पार काठाला चिकटून, थांबून उभी होती. आमचा भोंगा इतका निकराचा होता की त्यांना वाटलं असावं, ही काही साधीसुधी बोट नव्हे. आम्ही पुढून गेलो तेव्हा मसाल्याचा वास त्यांच्यापर्यंत गेला आणि चालवणाऱ्या बाईंनी हॅट काढून आम्हाला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉक्स लागले. कालवा टेकडी चढतो तिथे पाण्याच्या पायऱ्या केलेल्या असतात. बोट एका अरुंद दगडी हौदात घालायची, मागचं दार बंद करायचं, वरच्या बाजूच्या झडपा लोखंडी हँडलने फिरवून उघडायच्या, हौद भरला की बोट वर येते आणि पुढचं दार उघडून निघायचं. मग पुढचा हौद. हे सगळं आपलं आपण करायचं.

पहिल्या लॉकपाशी सासरे काठावर उतरले, हात मागे बांधून हौदाभोवती एक चक्कर मारली आणि दारातून झिरपणाऱ्या पाण्यापाशी उकिडवे बसले.

"गळती आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

"बाबा, दोनशे वर्षांचं आहे," नवरा म्हणाला.

"मग दोनशे वर्षं कुणी लिहून कळवलं नाही का?"

मागे दुसरी बोट येऊन थांबली होती. तिच्यावर एक पांढऱ्या दाढीचे आजोबा आणि त्यांची बायको होती. आजोबा बर्मिंगहॅमला बस चालवून रिटायर झाले होते आणि दोघं वर्षभर बोटीतच राहायची. आजोबांनी सासऱ्यांच्या शेजारी उकिडवं बसून गळती बघितली, मान हलवली आणि लोखंडी हँडल त्यांच्या हातात दिलं.

सासऱ्यांनी ते जरा वेळ नुसतंच धरलं. मला नंतर कळलं की त्यांनी आयुष्यभर 'गेट उघडा' म्हणायचं काम केलं होतं. उघडायची दुसरीच माणसं. त्यांनी हँडल दांड्यावर बसवलं आणि फिरवायला लागले. झडप वर गेली, पाणी खळाळत हौदात आलं, आणि आमची बोट, तिच्यातली माझी सासू आणि टपावरची बादली, सगळं हळूहळू वर यायला लागलं. सासरे हँडल सोडून बघत राहिले. मग मोठ्याने हसले. मी लग्नानंतर त्यांना असं हसताना पहिल्यांदाच बघत होते. सासूबाई खिडकीतून डोकं काढून म्हणाल्या, "काय झालं हो?" तर म्हणाले, "काही नाही. तू चढतेयस."

त्यानंतर ते बोटीवर आलेच नाहीत. एका लॉकवरून पुढच्या लॉककडे काठाकाठाने चालत जायचे, आम्ही पोचायच्या आधी हौद तयार. आमची बोट वर काढली की मागच्या आजोबांची, त्यांच्या मागून आणखी कुणाची. लोक थँक यू म्हणायचे आणि सासरे दोन बोटं कपाळाला लावायचे. दुपारी शेवटचं लॉक पार करून आम्ही वरच्या सपाट पाण्यावर निघालो, तेव्हा मला वाटलं ते पुढे जाऊन बसलेत. नवऱ्यालाही तसंच वाटलं. पुढून एकही निरोप येत नव्हता.

"बाबा शांत झालेत," तो समाधानाने म्हणाला. "त्यांना विश्वास बसला वाटतं माझ्यावर."

आम्ही त्या शांततेचा चांगला आस्वाद घेतला. कुंपणांना रानगुलाब फुलले होते, शेतात मेंढ्या होत्या, मी मागे दारात बसून चहा प्यायले. सासूबाई माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. सकाळी धुतलेली साडी त्यांनी टपावर पसरली होती आणि एका टोकावर रंगवलेली बादली ठेवली होती. इंग्लंडच्या उन्हात साडी वाळायला किती वेळ लागतो याचा अंदाज त्यांना अजून आला नव्हता, म्हणून मध्ये मध्ये हात लावून बघत होत्या. झाडं संपून मोकळं शेत लागलं आणि वारा आला. साडी फुगली, बादली कलंडली, साडी टपावरून सरकत मागे आली आणि आमच्या तिघांच्या डोळ्यांदेखत बाजूने पाण्यात उतरली. कुणी हात पुढे करायच्या आत बोटीखाली, इंजिनच्या पंख्यात गेली. इंजिनने एक घशातून आवाज काढला आणि बंद पडलं.

बोट हळूच वळली आणि कालव्यात आडवी झाली. पुढचं टोक एका काठाच्या चिखलात, मागचं टोक दुसऱ्याच्या.

"बाबांना विचार, पुढे किती खोल आहे," नवरा म्हणाला.

मी पाइपलाइनमधून पुढे धावले. पुढे कुणी नव्हतं. बाथरूम बघितलं. टाकीवरचा पलंग बघितला. परत येऊन मी सांगितलं तेव्हा तिघांचेही चेहरे उतरले. सासूबाईंनी मागच्या पाण्याकडे बघितलं आणि त्यांनी माझा दंड धरला. ते दोन-चार क्षण मला अजून नकोसे वाटतात. पाणी कमरेएवढंच, हे मला माहीत होतं आणि त्या वेळी त्याचा काही उपयोग नव्हता.

मग मागच्या वळणावरून दाढीवाल्या आजोबांची बोट आली. तिच्या पुढच्या टोकाला खुर्चीवर माझे सासरे बसले होते, एका हातात चहाचा मग, मांडीवर लोखंडी हँडल, सरकारी जीपमधून पाहणीला आल्यासारखे.

"आडवी का लावली?" त्यांनी लांबूनच विचारलं.

सासूबाईंनी माझा दंड सोडला. "अहो, कुठे होतात?"

"मागच्या तीन बोटींना वर घेतलं. तुम्ही थांबलाच नाहीत." मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं. "काय झालं?"

"साडी खाली गेली. पंख्यात."

"कोणती?"

"इरकल," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही आणलेली."

मला ही गोष्ट आधी माहीत नव्हती. कर्नाटकच्या सीमेवर कॅम्प असताना सासऱ्यांनी कुणी न सांगता आणलेली ती साडी. आख्ख्या संसारात स्वतःहून आणलेली एकच. सासूबाई ती रोजच्या वापरात नेसायच्या, कारण कपाटात ठेवली तर वर्षातून एकदाच दिसते, असं त्यांचं म्हणणं होतं.

इंग्लिश आजोबांना अशा प्रसंगांची सवय होती. मागच्या डेकखाली एक झाकण असतं, ते उघडलं की हात घालून थेट पाण्यातल्या पंख्यापर्यंत पोचता येतं. त्यांनी किल्ली काढायला लावली, झाकण उघडलं, नवऱ्याला पालथं झोपवलं आणि त्याच्या हातात पाव कापायची सुरी दिली. आजवर टायर, दोऱ्या, एक अख्खी गादी त्यांनी अशीच कापून काढली होती.

"कापायची नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, पाणी बर्फासारखं आहे," नवरा झाकणातून म्हणाला.

"मग पटापट उलगड. गुंडाळली गेलीय ना, मग उलगडेल. सुरी परत दे त्यांना."

सुरी परत गेली. आता पंखा हाताने कुठल्या दिशेने फिरवायचा यावर चर्चा सुरू झाली. सासऱ्यांनी उजव्या हाताची बोटं वळवून एक नियम सांगितला. मग त्यांनाच शंका आली आणि त्यांनी डाव्या हाताने तोच नियम उलटा सांगितला. आजोबा म्हणाले, करून बघू. सासूबाई डेकच्या कडेला बसून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मी बघितलीय ती आत जाताना. या बाजूने गेली. याच बाजूने येईल." तसंच झालं.

नवऱ्याने एक टोक ओढून वर काढलं. "पदर सापडला."

सासूबाईंनी बोटांनी चाचपून बघितलं. "हा पदर नाही. ही खोचायची बाजू. पदर सगळ्यात शेवटी येईल. चालू दे."

ती दुपार मी कधी विसरणार नाही. आमच्या मागे चार बोटी थांबल्या होत्या आणि पुढून येणाऱ्या दोन. कुणीही भोंगा वाजवला नाही. लोकांनी घडीच्या खुर्च्या काढून काठावर मांडल्या. आजोबांच्या बायकोने केटल ठेवली. पुढच्या बोटीतल्या एका बाईंनी लिंबाचा केक आणला आणि पहिला तुकडा सासूबाईंना दिला, घरात काही दुःखद घडल्यावर देतात तसा, हात जरा वेळ हातात धरून. नवरा पालथा होता, थोड्या थोड्या वेळाने झाकणातून आणखी हातभर साडी बाहेर यायची, आणि प्रत्येक वेळी काठावरची मंडळी मान पुढे करून बघायची.

"ही आहे तरी किती लांब?" आजोबांनी शेवटी विचारलं.

"सिक्स यार्ड्स," सासूबाई स्वतःच इंग्रजीत म्हणाल्या.

आजोबांनी सासऱ्यांकडे बघितलं. "आणि त्या ही सगळी नेसतात? एका वेळी?"

"एव्हरी डे," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात बऱ्यापैकी अभिमान होता.

शेवटी खरोखरच पदर आला, लाल, ग्रीसने माखलेला, पण अख्खा. काठावर टाळ्या वाजल्या. साडीला दोन ठिकाणी चिरा गेल्या होत्या आणि एका बाजूचा काठ काळा झाला होता. सासूबाईंनी ती पिळून कुंपणावर पसरली आणि सगळ्या बायका जाऊन कापड हाताने बघून आल्या.

आता इंजिन चालू करून बोट हलवायला हवी होती. नवऱ्याचा हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता आणि दात वाजत होते. मी पुढे बांबूने काठाला रेटा देत होते. सासरे जमिनीवरून आम्हा सगळ्यांना सूचना देत होते. सुकाणूच्या दांड्याजवळ उभ्या होत्या फक्त सासूबाई. आजोबा काठावरून म्हणाले, "आता तिकडे ढकला, मॅडम," आणि त्यांनी ढकललं. बोट वळली, सरळ झाली आणि पाण्याच्या मधोमध चालू लागली.

"आई, तुला कसं आलं?" नवरा ब्लँकेटमधून म्हणाला.

"दोन दिवस शेजारी बसून बघतेय ना. तू आधी चुकीकडे ढकलतोस, मग बरोबर. मी पहिल्यांदाच बरोबर ढकलते."

त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. नवऱ्याच्या हाताला गाडीच्या स्टिअरिंगची सवय होती, ती मोडता मोडत नव्हती. सासूबाईंच्या हाताला कसलीच सवय नव्हती. पुढचे सगळे दिवस बोट त्यांनीच चालवली. साडी, त्यावर मुलाचा रेनकोट, पायात माझे ट्रेनर्स. बांधलेल्या बोटींपाशी वेग इतका कमी करायच्या की आतल्या लोकांशी बोलणंही व्हायचं.

सासरे पुढे बसून पूर्वीसारखे निरोप पाठवत होते. मी धावत मागे जाऊन सांगायची, "बाबा म्हणताहेत, उजवीकडे घ्या."

"त्यांना सांग, घेतलं," सासूबाई म्हणायच्या. त्यांनी काहीच घेतलेलं नसायचं. बोट व्यवस्थित जायची. पुढून सासरे म्हणायचे, "बघ, आता कशी सरळ झाली." मग मी मध्येच स्वयंपाकघरात बसून राहायला लागले आणि दोन्हीकडची उत्तरं अंदाजाने द्यायला लागले. कुणाचंच काही बिघडलं नाही.

त्या वरच्या सपाट भागात कालवा इतका वळणावळणाचा आहे की लांबचा एक रेडिओचा खांब आम्हाला दिवसभर दिसत होता. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, एकदा तर मागे गेला आणि अर्ध्या तासाने पुन्हा समोर.

"हा खांब आपल्यामागे का लागलाय?" सासूबाईंनी विचारलं.

सासरे मुद्दाम मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी समजावून सांगितलं. ज्याने कालवा काढला त्याने टेकडी आली की वळसा घातला. एकच पातळी धरून चालत राहिला. खणायला नको, भराव घालायला नको. "हुशार माणूस. मी पण असाच काढला असता."

"मग आपण पोचणार कधी?"

"ते त्याचं काम नव्हतं," सासरे म्हणाले.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही एका शेताच्या कडेला, विलोच्या झाडाखाली बोट बांधली. जेवणं झाली तरी चांगला उजेड होता. मी खिडकीशी भांडी घासत होते आणि ती दोघं पुढच्या उघड्या जागेत बसली होती. बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"तुम्ही कॅम्पवर असायचात तेव्हा असंच असायचं का?" सासूबाईंनी विचारलं.

"छे. पाणी सोडलं की झोप नसायची. कुणी बांध फोडायचं, कुणी चारी अडवायचं. दिवसभर भांडणं सोडवायची."

"मला वाटायचं, तुम्ही मजेत काठावर बसलेले असता."

"मला वाटायचं, तू मजेत घरी असतेस."

पलीकडच्या काठावर गाई पाणी प्यायला आल्या होत्या.

"म्हणजे दोघंही नव्हतो," सासूबाई म्हणाल्या.

"हं." मग सासऱ्यांनी विचारलं, "चहा टाकतेस?"

"तुम्ही टाका. गॅस कसा लावायचा ते मी इथून सांगते."

आणि खरोखरच ते आत आले. मी बाजूला झाले. सासूबाई बाहेरून एकेक पायरी सांगत होत्या, पाणी किती, साखर कधी, आलं ठेचून की किसून, आणि सासरे "हो", "झालं", "आता?" म्हणत होते. चहा फार गोड झाला. सासूबाईंनी दोन कप घेतले.

दुसऱ्या दिवशी यार्डात बोट देऊन आम्ही गाडीत बसलो. नवऱ्याने एम-फॉर्टी हायवेवर गाडी घेतली आणि नेहमीच्या वेगाला आणली, तशी सासूबाईंनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. सासऱ्यांनी डोळे मिटले. झाडं इतकी भराभर मागे जाताना मी आठवडाभर बघितली नव्हती.

"अरे, एवढी घाई कसली?" सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने वेग कमी केला. मग आणखी कमी केला. पार डावीकडच्या लेनमध्ये आम्ही रमतगमत चाललो होतो आणि लॉऱ्या भोंगे वाजवत आम्हाला ओलांडत होत्या. मग एक भलामोठा कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच, मागून आला आणि शेजारून जायला लागला. त्यातल्या जोडप्याने आमच्याकडे जरा काळजीने बघितलं. सासूबाईंनी काच खाली केली आणि त्यांना हात करून "गुड आफ्टरनून" म्हणाल्या, आणि ती दोघं इतकी हळू पुढे गेली की त्यांना उत्तर द्यायला वेळ मिळाला.